दिल्ली दरबाराची फीत रंगवली, पण ‘खरा भारत’ कसला?

रीळमास्तर
काल या मंचावर कुणीतरी १९११च्या दिल्ली दरबाराची कृष्णधवल फीत संगणकाने रंगवून, सेकंदाला ६० फ्रेम (सुटी चित्रं) करून टाकली आहे. वर मथळा, ‘खरा भारत पाहा’. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम, हात थकला की १४, घाईत १८-२०. हजार फुटी रिळात १६,००० फ्रेम असतात. १६च्या वेगाने ते पावणेसतरा मिनिटं चालतं, नंतर रूढ झालेल्या २४ने जेमतेम अकरा. माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती म्हणूनच. वेग ठरवायचा तर संचलनातल्या सैनिकांची पावलं मोजा. ब्रिटिश पायदळाची चाल मिनिटाला सुमारे १२० पावलं. १८० भरली तर फीत दीडपट वेगाने पळते आहे, वेग उतरवा. नसलेल्या फ्रेम बनवून मध्ये घुसडणं ही दस्तऐवजातली भेसळ आहे.

चौपाटीकर
ती फीत मीच टाकली. गुरखा पलटण आली की तुमचं १२० कोसळतं, त्यांची चाल १४०च्या आसपास. आणि ओरखडे, थरथर असलेली मुकी फीत बघतं कोण? रंगवलेली निदान शेवटपर्यंत बघतात.

शनिवारपेठी
बघतात, पण काय? तेव्हाची निगेटिव्ह निळ्याला फार जागी आणि लालला जवळजवळ आंधळी. लाल पगडी, कुंकू, भगवा, सगळं काळपट उमटतं. फिकट निळं पांढरं पडतं, आकाशात ढग दिसत नाहीत ते त्यामुळेच. संगणक काळपट दिसलं की तपकिरी फासतो. पुणेरी लाल पगडी मातकट करून ‘खरा भारत’ म्हणायचं? सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फीत सर्रास झाली १९२०च्या दशकात.

चौपाटीकर
त्याच दरबाराचं चित्रण निर्माता चार्ल्स अर्बनने किनेमाकलर या रंगीत चित्रणपद्धतीने केलं आणि फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनच्या स्काला थिएटरात रंगीत दाखवलं. तेव्हाच्या प्रेक्षकांना रंग चालला, तुम्हालाच का खुपतो?

रीळमास्तर
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. किनेमाकलरची फीतही कृष्णधवलच, फक्त लालला जागी करून घेतलेली. कॅमेऱ्यात लाल आणि हिरवी काच आळीपाळीने फिरायची, वेग दुप्पट, ३२ फ्रेम. प्रोजेक्टरवरही तशीच तबकडी. एक फ्रेम लालची, पुढची हिरव्याची. काचेशिवाय चालवा, लाल डगला एका फ्रेममध्ये उजळ, पुढच्यात काळा दिसेल. ही लुकलुक हीच रंगाची नोंद! तुमचं सॉफ्टवेअर तिला बिघाड समजतं, शेजारच्या फ्रेम एकमेकांत मिसळतं, म्हणजे खरा रंग पुसून वर अंदाजाचा लावतं. याला जिवंत करणं म्हणू नका.

शनिवारपेठी
आणि त्या दोन फ्रेम दोन वेगळ्या क्षणांच्या. हत्ती-घोडे हलले की लाल-हिरव्या कडा सुटायच्या. निळा तर धड यायचाच नाही.

चौपाटीकर
बरं, किनेमाकलरला हात लावू नये, मानलं. पण तिचे तुकडेच उरलेत. बाकीच्या साध्या फितींना तो नियम लावू नका. आणि ‘भेसळ’ हा शब्द मागे घ्या.

रीळमास्तर
नाही घेणार. ६०पैकी ४४ फ्रेम कुठल्याही कॅमेऱ्याने घेतलेल्या नाहीत.

नायट्रेट
रंगावरून डोकी फोडताय, नोंदींचं काय? १८९९ची एक फीत कलकत्त्याच्या नावाने नोंदली गेली, आत घाट वाराणसीचे. त्याच वर्षी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली, ती फीत आज नाही. तेव्हाची फीत सेल्युलोज नायट्रेटची, ती आधी आकसते, मग चिकट होते, शेवटी भुकटी. पेटली तर स्वतःचाच ऑक्सिजन पुरवते, पाण्यानेही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फितींचा साठा जळाला. मूळ जाईल आणि मागे तुमची रंगवलेली प्रत उरेल, तीही बिननोंदीची. निदान मूळ लांबी फुटांत, मूळ फ्रेमसंख्या आणि संग्रहाचा नोंदक्रमांक खाली लिहा.

चौपाटीकर
हे पटलं. क्रमांक आणि लांबी आज टाकतो.

रीळमास्तर
मथळा?

चौपाटीकर
‘खरा’ काढला. ६० फ्रेम राहणार.