मांजर हरवलीये, इंदिरानगर, आज तिसरा दिवस, कुठे शोधू?

चिंगीची_आई:
नमस्कार नाशिककर. आमची चिंगी (तिरंगी, तीन वर्षांची, ऑपरेशन झालेलं) सोमवारी दुपारी गेली ती अजून आली नाही. इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकजवळ राहतो, दुसरा मजला. फर्निचरवाले आले होते, प्लाय वर आणायचं म्हणून दार सताड उघडं, आणि ड्रिल सुरू झालं तशी ही सोफ्याखालून सुटली ती थेट जिन्यात. जन्मात खाली उतरलेली नाही हो ती, गॅलरीच्या जाळीतून कबुतरं बघायची एवढंच. दोन दिवस मी आणि नवरा राणेनगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत गाडीवरून हाका मारत फिरलो, घसा बसलाय. सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकलेत. सासूबाई म्हणतात मांजर सात घरं फिरून येते, शेजारच्या काकू बिबट्याचं नाव काढतात, आणि त्यात ही थंडी. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

बोकोबा_सिडको:
ताई, आधी गाडी लावून ठेवा. घरात वाढलेली मांजर घाबरून बाहेर पडली की लांब जात नाही, पहिली फट दिसेल तिच्यात घुसते आणि गप्प बसते. तुमची हाक तिला कळते पण ओ देत नाही, आवाज केला तर कुत्री येतील ना. आमचा बोका गेला तेव्हा मी त्रिमूर्ती चौकापर्यंत पोस्टर चिकटवत फिरलो आणि साहेब पाचव्या दिवशी आमच्याच पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीमागे! रोज तिथूनच बाईक काढायचो मी. नंतर शोधाशोध केली तेव्हा 2018 ची एक बाहेरदेशातली पाहणी वाचली, त्यात सापडलेल्या मांजरांपैकी 75 टक्के घरापासून 500 मीटरच्या आतच होती.
रात्री दीड-दोनला उतरा, टॉर्च घेऊन. आणि टॉर्च कमरेजवळ नाही, कानाशी धरा, म्हणजे डोळे चमकले की ती चमक सरळ तुम्हालाच दिसते. खाली वाकून बघा, पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखालच्या भंगारात, डक्टमध्ये.

तपोवनकर:
+१. शीची माती बाहेर ठेवा, वासाने येते.

हिरवी_ओढणी:
माती नका ठेवू, त्या वासाने गल्लीतले बोके येतात आणि आपलीच अजून आत दबते, आमच्याकडे झालंय हे. तिची रोजची गोधडी ठेवा, न धुतलेली. आणि सुकट तव्यावर भाजून जिन्यात ठेवा, सोसायटीतले दोन दिवस नाक मुरडतील, मुरडू देत. दूध नको, बऱ्याच मांजरांना पचत नाही. थंडीत गरम इंजिनाशी जाऊन बसतात, म्हणून सकाळी गाडी काढणाऱ्या सगळ्यांना सांगा की आधी बॉनेटवर दोन थापा मारा.

गंगापूररोड_९९:
फोटोसोबत नंबर टाकलाय ना, मग एक जपा. मला फोन आला होता, तुमचं मांजर माझ्याकडे आहे, आधी दोन हजार पाठवा. मी म्हटलं व्हिडिओ कॉल कर, की कट. एखादी खूण कुठेच लिहू नका, ती समोरच्याने सांगितली पाहिजे.

चिंगीची_आई:
आला होता हो असाच एक काल! बरं झालं नवऱ्याने उचलला. रात्री पावणेदोनला उतरलो, टाकीमागे दोन डोळे चमकले, माझा जीव नुसता वरखाली, पण तो वॉचमनचा काळा बोका निघाला. डक्ट, मीटर, गच्ची सगळं बघून झालं.

बोकोबा_सिडको:
एक विचारू? सोमवारी दुपारनंतर बिल्डिंगमधलं कुणी कुलूप लावून गावाला गेलंय का? बॅगा काढताना दार उघडंच असतं, मांजर आत शिरली तर कुणाला पत्ता लागत नाही.

चिंगीची_आई:
अहो... पहिल्या मजल्यावरचे काका! दिंडोरीला द्राक्षाचा खुडा चालू आहे म्हणून सोमवारीच चारच्या सुमारास गेले, क्रेट खाली नेताना मीच त्यांना लिफ्टजवळ भेटले होते. आत्ता त्यांच्या दाराशी कान लावला, काही ऐकू येत नाही, पण दाराखालून सुकट सरकवली होती ती वाटी परत ओढली तर अर्धी रिकामी आहे. उंदीरही असेल. किल्ली त्यांच्या भाच्याकडे आहे म्हसरूळला, नवरा निघालाय.

हिरवी_ओढणी:
अगं उंदीर कसला! सापडली तर एकदम पोटभर देऊ नकोस, थोडं थोडं दे, आणि नीट खात नसेल तर उद्याच डॉक्टरकडे ने. मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिली की लिव्हरवर येतं.

चिंगीची_आई:
हो. दाराबाहेरच बसलेय. नवरा द्वारकेला ट्रॅफिकमध्ये अडकलाय.