मदत हवी आहे: नर्सिंग होममधल्या आत्यासाठी ओम्बड्समनला फोन करावा का?

नमस्कार मंडळी. माझी आत्या न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये आहे. पक्षाघातानंतर तिचं इंग्रजी पार गेलं, आता मराठीच बोलते. नर्सला बोलवायची बेल नेमकी लुळ्या हाताच्या बाजूला अडकवलेली असते, आणि शाकाहारी म्हणून लिहून दिलं तरी ताटात चिकन येतं. सांगितलं की थोडे दिवस नीट, मग पुन्हा तेच. फार जीव तुटतो हो.

लॉबीत लाँग-टर्म केअर ओम्बड्समनचा, म्हणजे अशा ठिकाणच्या रहिवाशांच्या बाजूने तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचा, नंबर लावलाय. १९७८ पासून प्रत्येक राज्याला ही व्यवस्था कायद्याने बंधनकारक आहे. सेवा मोफत, आणि रहिवाशाच्या संमतीशिवाय नाव उघड करत नाहीत. दंड मात्र ते करू शकत नाहीत. तपासणी राज्याच्या आरोग्य खात्याकडे.

आत्याला धास्ती आहे, तक्रारीचा राग आपल्यावर निघेल. सूड उगवणं बेकायदा आहे, हे मी तिला सांगते. पण रात्री तिथे ती एकटीच असते ना.

कुणी ओम्बड्समनची मदत घेतली आहे का? संमती विचारताना मराठी दुभाषी मिळतो का, की घरच्यांनी सांगितलेलं चालतं? आधी केअर प्लॅन मीटिंग (तिची देखभाल कशी करायची हे ठरवायची तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबरची बैठक) मागावी, की थेट फोनच करावा?