रोज स्ट्रेटनर फिरवलेल्या केसांना काय लावावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, लेकीसाठी विचारतेय. ती हॉटेलात रिसेप्शनवर आहे. केस दाट, वेव्ही, पाठीपर्यंत. ड्यूटीला केस चापूनचोपून लागतात, म्हणून जवळजवळ रोज स्ट्रेटनर फिरवते. तो बंद कर असं कृपया सुचवू नका, तिची गरज मला पटते.

पावसाळ्यापासून टोकं अगदी खराट्यासारखी झालीत. केस उजेडात धरले की मधेच बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि विंचरताना नेमके तिथेच तुटतात. मुळापासून गळत नाहीत, त्यामुळे गळतीवरची तेलं नि गोळ्या नकोत.

आम्ही वाघोलीत राहतो, पाणी टँकरचं. तोटीवर पांढरा थर चढतो, शाम्पूला फेस येत नाही, म्हणून ती दोनदा लावते. कंडिशनर घाईत राहूनच जातो. सीरम लावते ते स्ट्रेटनर फिरवून झाल्यावर. तापमान २१० वर असतं.

हीट प्रोटेक्टंट स्प्रे घ्यावा की क्रीम? त्यातलं सिलिकोन वाईट म्हणतात, ते खरं का? खोबरेल कधी लावायचं? पार्लरवाल्या ताई केराटिन (केस सरळ करणारी पार्लरची ट्रीटमेंट) करून घ्या म्हणून मागे लागल्यात. महिन्याला हजारच्या आत बसेल असं सांगा.

प्रतिसाद:
ताई, ते पांढरे ठिपके म्हणजे तिथलं केसाचं वरचं आवरण निघून आतले तंतू फुटलेत. हे सांधणारं काही बाजारात मिळत नाही, कोणी कितीही सांगो. तेवढी टोकं कापून टाका.

खरेदीच्या आधी तापमान उतरवा. १७०-१८० वर सावकाश एकदाच फिरवलं तरी पुरतं. केस पूर्ण वाळलेले हवेत. ओलसर केसांवर प्लेट ठेवली की चर्र आवाज येतो ना, ते पाणी उकळत असतं. केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे धरतात आणि केस तिथे मोडतो.

सिलिकोनला घाबरू नका. त्याच्या पातळ थरामुळे उष्णता हळू आत शिरते आणि प्लेट घासत नाही. लेबलवर डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन अशी नावं शोधा. दाट केसांना क्रीम बरं, स्प्रे वरच्या वरच राहतो. मात्र ते स्ट्रेटनरच्या आधी लावायचं, नंतर लावून उष्णतेपासून बचाव होत नाही.

पाण्याचा त्रास कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. आठवड्यातून एकदा ईडीटीए असलेला चिलेटिंग शाम्पू (केसांवर बसलेले पाण्यातले क्षार काढणारा), एरवी सौम्य शाम्पू, आणि शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा. कंडिशनर मात्र चुकवायचा नाही. पैसे कमी पडले तर शाम्पू स्वस्तातला घ्या, पण कंडिशनर आणि क्रीम चांगलं घ्या.

खोबरेल न्हाण्याआधी लावा. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तेव्हा केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली होती. तेलकट केसांवर स्ट्रेटनर मात्र नको.

केराटिनला मी स्पष्ट नाही म्हणेन. त्याच्या काही उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन असतं. ते नसलेल्या अनेकांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि त्यानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचं फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये नोंदवलंय. वर ते बसवायला पुन्हा कडक स्ट्रेटनर फिरवतातच.

धागाकर्ती:
मनापासून आभार. टोकं रविवारीच कापून घेते. घरच्या सीरमच्या यादीत डायमेथिकोन दुसऱ्याच क्रमांकावर आहे. तेच आधी लावलं तर चालेल का?

प्रतिसाद:
बाटलीवर हीट स्टायलिंगच्या आधी लावा असं लिहिलं असेल तर चालेल. दोन-तीन थेंब तळव्यावर चोळून कानाखालच्या केसांना लावा, मुळांना नको. मग पाचेक मिनिटं थांबून स्ट्रेटनर. क्रीम पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल, चिलेटिंग शाम्पू मात्र आत्ताच आणा.