महासाथीच्या काळात मुलांची टेनिस लीग कशी आखावी?

कोर्टाकाठी (पुणे, डिसेंबर २०२०)

कोथरूड परिसरातील चार सोसायट्या आणि एक छोटे टेनिस केंद्र मिळून आम्ही हिवाळ्यात दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींची लीग भरवतो. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कोर्टे बंद झाली. ५ ऑगस्टपासून राज्य शासनाने टेनिससारख्या सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना अंतर आणि स्वच्छतेच्या अटींवर परवानगी दिल्यावर सराव पुन्हा सुरू झाला. मात्र लीग म्हटली की संघ आले, पालक आले आणि कोर्टाबाहेर मुलांचा घोळकाही आला. दुसरीकडे, कित्येक महिने घरातल्या पडद्यासमोर शाळा करणाऱ्या या मुलांना सामन्यांची किती ओढ लागली आहे, हे मी रोज पाहतो आहे. जानेवारी-फेब्रुवारीत लीग घ्यावी का, आणि घ्यायची तर मध्येच एखाद्या मुलाला संसर्ग झाल्यास उरलेल्या वेळापत्रकाचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बेसलाइन

मी मुलांना टेनिस शिकवतो. माझ्या मते लीग अवश्य घ्यावी, पण ती केव्हाही थांबवावी लागेल हे गृहीत धरून तिची रचना करावी. नेहमीच्या पद्धतीत दोन संघ एका दिवशी समोरासमोर येतात आणि बारा-पंधरा मुले दोन-तीन तास एकत्र असतात. ही पद्धत यंदा सोडून द्यावी.

समजा चार संघांत प्रत्येकी सहा मुले आहेत. त्यांचे चार-चार जणांचे सहा गट करावेत आणि प्रत्येक गटात प्रत्येक संघातील एक, साधारण सारख्या तयारीचा खेळाडू ठेवावा. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे गटाचे ६ आणि एकूण ३६ सामने होतात. संपूर्ण लीगमध्ये एका मुलाची गाठ फक्त तिघांशी पडते, आणि त्याने जिंकलेले गेम संघाच्या खात्यात जमा होत असल्याने संघासाठी खेळण्याचा आनंदही टिकतो. एखादा गट थांबला तरी बाकीचे पाच चालू राहतात. तक्ता मात्र गुणांवर लावू नये. खेळलेल्या गेमपैकी किती टक्के जिंकले यावर लावावा, म्हणजे सामने अपुरे राहिलेल्या संघावर अन्याय होत नाही.

सामने ‘फास्ट फोर’ पद्धतीने घ्यावेत: चार गेमचा सेट, ३-३ अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक (सेटचा निकाल लावणारा जादा गेम) आणि ड्यूसला, म्हणजे ४०-४० बरोबरीला, एकच निर्णायक गुण. दोन सामन्यांच्या मध्ये पंधरा मिनिटे कोर्ट रिकामे ठेवले की येणारी आणि जाणारी मुले एकमेकांना भेटत नाहीत. दुहेरी यंदा वगळावी लागेल, कारण जोडीदार सतत जवळ येऊन बोलतात. मुलांना दुहेरी फार आवडते, त्यामुळे हे लिहितानाही वाईट वाटते.

बालआरोग्य (सांगली)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरील रचना चांगली आहे, पण तिच्यात एक फट राहते. संघातील सहाही मुले रोज एकाच बॅचमध्ये सराव करत असतील, तर सहा गट केवळ कागदावर वेगळे राहतील, आणि एका मुलाला बाधा झाल्यास सगळीच लीग संपर्कात आली असे मानावे लागेल. म्हणून लीग चालू असेपर्यंत सरावही त्या चौघांच्या गटातच करावा. मुले संध्याकाळी सोसायटीत खाली खेळणार हे खरेच आहे, त्यामुळे संपूर्ण सुरक्षिततेची हमी कोणी पालकांना देऊ नये.

टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असते, आणि एकेरीत दोन मुले सहसा एकमेकांपासून पुरेशी दूर असतात. खरी काळजी कोर्टाबाहेरची आहे. जूनमध्ये बेलग्रेड (सर्बिया) आणि झादर (क्रोएशिया) येथे झालेल्या एड्रिया टूर या प्रदर्शनीय टेनिस स्पर्धेत सामने खुल्या मैदानातच झाले होते. पण प्रेक्षकांची दाटी, गळाभेटी आणि रात्रीच्या पार्ट्याही झाल्या, आणि नोव्हाक जोकोविच, ग्रिगोर दिमित्रोव्ह, बोर्ना चोरिच व व्हिक्टर ट्रॉइकी हे खेळाडू बाधित निघाले. मुलांच्या बाबतीत धोक्याच्या जागा म्हणजे एका गाडीतून येणे, एकाच बाकावर बसून डबा खाणे आणि पाण्याची बाटली एकमेकांना देणे.

केंद्र सरकारच्या २०२०च्या सूचनांनुसार दहा वर्षांखालील मुलांनी आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी शक्यतो घरीच राहायचे आहे, तेव्हा धाकट्या भावंडांना आणि आजी-आजोबांना सामना पाहायला आणू नये. घरात वयस्क किंवा आजारी माणूस असल्याने एखादे कुटुंब मागे राहू इच्छित असेल, तर त्या मुलाची संघातील जागा पुढील वर्षासाठी राखून ठेवावी. त्याला ही शिक्षा वाटता कामा नये. कोविडमधून बरे झालेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सामन्यात उतरवू नये.

पैलतीर (न्यू जर्सी)

आमच्याकडे जूनमध्ये मैदानी टेनिसला कमी जोखमीचा खेळ म्हणून परवानगी मिळाली. अमेरिकन टेनिस संघटनेच्या सुरुवातीच्या सूचनांनुसार प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या खुणेचे चेंडू आणायचे, सर्व्हिस त्याच चेंडूंनी करायची आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रॅकेटने किंवा पायाने परत ढकलायचा, अशी पद्धत होती. लहान मुलांनाही ती जमण्यासारखी आहे. पंच आणि बॉल बॉय नसले तरी चालते. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हा निर्णय मुलांनी स्वतः द्यावा आणि सामन्यानंतर हस्तांदोलनाऐवजी नमस्कार करावा.

थंडीमुळे इथे टेनिस बंदिस्त कोर्टांत जाते, आणि राज्याने ५ डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत बंदिस्त जागेतील संघटित खेळ थांबवले आहेत. पुण्यातला जानेवारी कोरडा आणि उघड्यावर खेळण्याजोगा असतो, तेव्हा ही संधी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

कोर्टाकाठी

आपणा सर्वांचे आभार. चौघांचे गट आणि गटातच सराव, हे आम्ही स्वीकारत आहोत. प्रत्येक मुलाबरोबर एकच पालक येईल आणि तो कुंपणाबाहेर थांबेल. शुल्काचा प्रश्न मात्र उरतो: कोर्टाचे भाडे आगाऊ द्यावे लागते, आणि लीग थांबली तर पालकांना पैसे परत करणे कठीण जाईल.

बेसलाइन

संपूर्ण लीगचे शुल्क एकदम घेऊ नये. दर आठवड्याला, झालेल्या सामन्यांपुरतेच घ्यावे, आणि कोर्टमालकाशीही आठवड्याच्या भाड्याचाच करार करावा. कोर्टे इतके महिने बंद राहिल्याने तेही बहुधा तयार होतील.