डावे-उजवे ठरवायचे कसे? कामात वापरणाऱ्यांचे अनुभव

धागा काढणारी: डावे आणि उजवे हे शब्द ज्यांना रोजच्या कामात वापरावे लागतात, त्यांनी इथे लिहावं. कोण बरोबर, हा वाद नको. एखादा पक्ष, धोरण किंवा मतदार डावा की उजवा हे तुम्ही कसं तपासता आणि घोळ कुठे होतो, तेवढंच सांगा.

राज्यशास्त्र शिकवणारे: १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेपुढे प्रश्न होता की सभेने केलेला कायदा राजाला अडवता यावा का. नकाराधिकाराच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधातले डाव्या हाताला. इथवर मुलांना पाठ असतं, खरी गंमत पुढे आहे. १७९१च्या विधानसभेत जिरोंदिन हा क्रांतीच्या बाजूचा गट डावीकडे बसे. १७९२ला राजेशाही गेली, नवी सभा भरली आणि तेच लोक उजवीकडे दिसू लागले. राजाचे उघड पाठीराखे सभागृहात उरलेच नव्हते आणि जिरोंदिनांहून जहाल गट डावीकडच्या वरच्या बाकांवर जाऊन बसला होता. बाजू शेजाऱ्यांवरून ठरते ती अशी. म्हणून उत्तर लिहिण्याआधी समासात तीन नोंदी करायला लावाव्यात: कोणता देश, कोणतं वर्ष, कोणता प्रश्न. ब्रिटनमध्ये १८४६ला आयात धान्यावरचा कर उठवण्याचा निर्णय झाला, तेव्हा मुक्त व्यापार ही जमीनदारांविरुद्धची सुधारकांची मागणी होती. आजच्या पट्टीवर मुक्त बाजार उजवीकडे धरतात. वर्ष न लिहिता उत्तर लिहिलं की हमखास चुकतं.

संसदेचं वार्तांकन करणारी: सभागृहाचा फोटो पाहून विचारसरणी लिहू नका. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात सरकार कुणाचंही असो, ते सभापतींच्या उजव्या हाताला बसतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सभापतींच्या उजवीकडे डेमोक्रॅट, डावीकडे रिपब्लिकन. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आसनं मतदारसंघाप्रमाणे, तर आइसलँडमध्ये चक्क चिठ्ठ्या टाकून. जर्मनीत मात्र जागेला अर्थ आहे, इतका की २०२१च्या निवडणुकीनंतर उदारमतवादी पक्षाने मधल्या बाजूची जागा मागून घेतली. आणि बाजू नेहमी अध्यक्षांच्या खुर्चीतून मोजतात. समोरून काढलेल्या फोटोत ती उलटी दिसते.

जाहीरनामे तपासणारा: आमची पद्धत थोडी किचकट आहे, पण शिकून घेण्यासारखी. जाहीरनाम्याचे एकेका विधानाएवढे तुकडे करायचे. ‘कर कमी करू आणि पोलीसभरती वाढवू’ हे एक वाक्य असलं तरी तुकडे दोन. प्रत्येक तुकड्याला ठरलेल्या यादीतला एकच विषय द्यायचा. मूळ यादीत ५६ विषय आहेत. त्यांतले १३ डावे धरतात: राष्ट्रीयीकरण, कल्याणकारी योजनांचा विस्तार, बाजारावर नियंत्रण, कामगारांची बाजू वगैरे. १३ उजवे धरतात: मुक्त बाजार, लष्कर, कायदा-सुव्यवस्था, पारंपरिक नीतिमूल्यं वगैरे. उरलेले कुठल्याच बाजूचे नाहीत. मग उजव्यांच्या टक्केवारीतून डाव्यांची वजा करायची. समजा, ४०० तुकड्यांत १२० डावे आणि ६० उजवे निघाले, तर १५ वजा ३०, म्हणजे उणे १५.

फसगत दोन ठिकाणी होते. आयातकर वाढवण्याची मागणी या पट्टीवर डावी मोजली जाते, त्यामुळे कट्टर राष्ट्रवादी पक्षाचा जाहीरनामा प्रत्यक्षापेक्षा डावीकडे सरकतो. दुसरी फसगत शून्याची. एका पक्षाचे ४० टक्के डावे आणि ४० टक्के उजवे, दुसऱ्याचे ५ आणि ५. दोघांचं उत्तर शून्य येतं. पहिला दोन्ही बाजूंनी कडक बोलतोय, दुसरा या प्रश्नांवर जवळजवळ गप्प आहे, आणि तक्त्यात दोघे शेजारी बसतात! म्हणून मी अंतिम आकड्याखाली दोन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या छापतो. जो अहवाल त्या छापत नाही, त्यावर माझा भरवसा नाही.

सर्वेक्षणाची प्रश्नावली करणारी: ‘तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल?’ याची पट्टी ० ते १० ठेवा. १ ते १० ठेवली तर खरा मध्य साडेपाच येतो, त्याला चौकटच नसते. लोक पाचलाच मध्य समजून खूण करतात आणि सरासरी विनाकारण डावीकडे झुकते. दोन्ही प्रकारची सर्वेक्षणं चालू आहेत, तेव्हा आकडे शेजारी मांडण्याआधी पट्टी बघा. शिवाय ‘माहीत नाही’ची चौकट वेगळी हवीच. ती नसेल तर ज्याला या शब्दांचा अर्थच ठाऊक नाही तोही पाचवर खूण करतो आणि मध्यममार्गी म्हणून मोजला जातो.

धोरणांचा अभ्यास करणारे: नुसत्या योजनेवरून बाजू ठरवू नये. जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने १८८३ला आजारपणाचा विमा आणला, १८८४ला अपघाताचा, १८८९ला वृद्धांचं पेन्शन. यादी पाहून कुणीही डावा म्हणेल. पण याच बिस्मार्कने १८७८ला समाजवाद्यांविरुद्ध कायदा केला होता आणि विम्यामागचा एक हेतू कामगारांना त्यांच्यापासून तोडण्याचा होता. इटलीचे विचारवंत नोर्बेर्तो बोब्बिओ समतेकडे पाहण्याची दृष्टी हा मुख्य निकष मानत. मला तो सगळ्यांत कामाचा वाटतो: या योजनेने कोणती विषमता कमी करायची आहे आणि कोणती राखायची आहे, असे दोनदा विचारा.

धागा काढणारी: मग आर्थिक आणि सामाजिक असे दोन अक्ष वेगळेच का घेत नाही?

धोरणांचा अभ्यास करणारे: घ्याच. ज्याला सरकारी इस्पितळं वाढवायची आहेत पण घटस्फोटाचे नियम कडक हवेत, त्याला एका रेघेवर मधे ढकललं तर त्याची दोन्ही मतं पुसली जातात.

परदेशी बातम्यांचे उपसंपादक: १९८०च्या दशकाच्या अखेरीच्या सोव्हिएत बातम्या वाचताना जपा. तिथे बाजाराकडे जाऊ पाहणाऱ्या सुधारकांना डावे म्हणत आणि जुन्या व्यवस्थेला चिकटलेल्या कम्युनिस्टांना उजवे. अशा मजकुरात मी ते शब्द काढून ‘खासगी मालकीच्या बाजूचा गट’, ‘सरकारी नियोजनाच्या बाजूचा गट’ असं सरळ लिहितो. ओळ लांबते, पण वाचकाला दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही.