जीएसटीची डिमांड हप्त्यांनी भरता येते का? अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

माझा छपाईचा छोटा धंदा आहे, दोन मशीन आणि तीन कामगार. २०२१-२२ च्या प्रकरणात डीआरसी-०७ (कर भरण्याचा मागणी आदेश) निघालाय. कर १,८६,०००, व्याज १,३४,०००, दंड २०,०००. सगळे मिळून ३,४०,०००. कारण नेहमीचंच: कागद पुरवणाऱ्याने आमच्याकडून कर घेतला, सरकारात भरला नाही, आणि आमचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) उडालं.

नोटीस आली होती हे मला ऑर्डर निघाल्यावर कळलं. ती पोर्टलवर 'अ‍ॅडिशनल नोटिसेस'मध्ये पडून होती. ईमेल कर सल्लागारांचा दिलेला, आणि त्यांचं म्हणणं, "तिकडे सहसा बघणं होत नाही." फी मात्र दर महिन्याला न चुकता आठवते.

अपिलाला तीन महिने आहेत, वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात, हे माहीत आहे. पण पुरवठादाराचं दुकान बंद, फोन बंद. पुरावा म्हणून दाखवू काय? भरून मोकळं व्हावं असं ठरवलंय, फक्त एकरकमी जमणार नाही.

डीआरसी-२० (हप्त्यांसाठीचा अर्ज) भरून २४ हप्ते मिळतात असं वाचलं. खरंच मिळतात का? आणि गेल्या महिन्याचा ३बी (महिन्याचा जीएसटी रिटर्न) राहिलाय, त्याचे ४२,००० सुद्धा यातच घालता येतील का? खातं गोठवतील या भीतीने झोप उडालीय.

प्रतिसाद

४२,००० विसरा. रिटर्नमध्ये आपणच दाखवलेल्या कराला जीएसटी कायद्याच्या कलम ८० मध्ये हप्ते नाहीत. शिवाय पूर्ण कर भरल्याशिवाय ३बी दाखलच होत नाही. तो आधी भरा.

डिमांडचे हप्ते मिळतात, पण २४ ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. अर्ज गेला की तुमची ऐपत काय, याचा अहवाल खालच्या अधिकाऱ्याकडून मागवतात, मग डीआरसी-२१ मध्ये आदेश येतो. मी १२ मागितले होते, १० मिळाले. रक्कम २५,००० च्या खाली असेल किंवा आधीच्या थकबाकीची वसुली चालू असेल तर नकार ठरलेला. म्हणून बँकेला डीआरसी-१३ (खात्यातून वसुलीची नोटीस) जायच्या आत अर्ज टाका.

जास्त हप्ते म्हणजे फायदा असं समजू नका. १८ टक्क्यांनी व्याज चालूच राहतं, तुमच्या १,८६,००० वर सुरुवातीला महिन्याला २,७९०. आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय, वेगळी नोटीस येत नाही. माझा एकदा चुकता चुकता राहिला: चलन केलं, पैसे कॅश लेजरला (पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात) जमा झाले, आणि मी निवांत. डिमांडच्या समोर वळते करायचेच राहिले होते! शेवटच्या दिवशी रात्री लक्षात आलं.

धागाकर्ता

मनापासून आभार. ते लेजरचं मला कधीच सुचलं नसतं. ३बी आजच भरतो, कामगारांचे पगार झाल्यावर ४२,००० उरतात. २४ ला १४,१६७ बसतो, १८ ला १८,८८९. व्याज धरलेलं नाही. १८ मागावे म्हणतो, दिवाळीनंतरचे दोन महिने धंदा थंड असतो. तुम्ही अर्जाला बँक स्टेटमेंट किती महिन्यांचं जोडलं होतं? आणि येणी बाकी असलेल्यांची यादी दिली तर ऐपत जास्त दिसून उलटेल का?