रात्रीच्या शर्यतीत सुकाणू धरताना बोट नागमोडी जाते, सल्ला हवा

दर्यावेडा (सिडनी): नमस्कार. येत्या २६ डिसेंबरला सुटणाऱ्या सिडनी–होबार्ट शर्यतीत, म्हणजे जवळपास ६२८ सागरी मैलांच्या वाटेवर, अडतीस फुटी शिडाच्या बोटीवर मला प्रथमच रात्रपाळीत सुकाणू मिळणार आहे. दिवसा माझे बरे चालते. मात्र सरावाच्या रात्री नकाशावर उमटलेली आमची वाट पाहिली, तर ती नागमोडी होती आणि वेगही सुमारे एक नॉटने (तासाला एक सागरी मैल) घटला होता. माझी नजर सारखी होकायंत्रावर असते. काय बदलू?

शीडकरी: चूक तिथेच आहे. होकायंत्राची तबकडी उशिरा स्थिरावते, त्यामुळे आकडा पाहून सुकाणू वळवणारा नेहमी उशिरा वळवतो आणि मग गरजेपेक्षा जास्त वळवतो. होकायंत्रावर दिशा एकदा नक्की करून नाकासमोरचा, क्षितिजापासून थोडा वर असलेला तारा डोलकाठीच्या आधारदोरीशेजारी धरावा, आणि अधूनमधून आकडा फक्त ताडून पाहावा. तारे सरकतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी नवा निवडावा. डिसेंबरात दक्षिणेकडे जाताना त्रिशंकू (दक्षिण आकाशातला तारकासमूह) रात्रीच्या सुरुवातीला क्षितिजालगत असतो आणि पहाटेकडे वर चढतो. त्याच्या भरवशावर रात्रभर राहू नये.

कोकणकिनारा: ताऱ्यांचे ठीक, पण ऑस्ट्रेलिया आणि तस्मानियामधल्या बास सामुद्रधुनीत आभाळ भरले की काय करणार? माझ्या मते कान आणि तळपाय अधिक भरवशाचे. पहिल्या रात्री ईशान्येचा वारा मिळून स्पिनेकर (मागच्या वाऱ्यासाठीचे फुगीर शीड) लागला असेल, तर वारा डाव्या कानामागे जाणवेल. तो मानेच्या मधोमध आला, तर नकळत जाइब (शीड झटकन दुसऱ्या बाजूला पलटणे) होण्याच्या बेतात आहात, असे समजून बोट जराशी डावीकडे घ्यावी. याउलट, वाऱ्याचा झोत येऊन पायाखालचा कल वाढू लागला, तर बोट आडवी होण्याची वाट न पाहता लगेच वाऱ्यासोबत वळावे. कानटोपी मात्र कानांवरून खाली ओढू नये. थंडीत ही चूक सगळेच करतात.

शीडकरी: कानटोपीचे अगदी खरे. आणखी एक गोष्ट प्रकाशाची. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि कोणी पांढरी विजेरी लावली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. उपकरणांचे पडदे किमान उजेडावर ठेवावेत, डोक्यावरची विजेरी लाल असावी. शिडावरचे टेलटेल (वाऱ्याचा प्रवाह दाखवणारे धागे) पाहायचे असतील, तर प्रकाश दुसऱ्याने टाकावा, आणि तोही सुकाणूवाल्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने. मंद वस्तू दिसत नसेल, तर तिच्या किंचित बाजूला पाहावे.

दर्यावेडा: आभारी आहे. आमच्याकडे एक जण दोन तास सलग सुकाणूवर असतो. हे योग्य आहे का?

कोकणकिनारा: माझ्या मते नाही. अर्धा तास ते फार तर एक तास. थकलेल्याला आपण भरकटतो आहोत हे कळत नाही, ते इतरांनी त्याच्या तोंडावर सांगणेही अवघड असते. पुढच्याने पाच-दहा मिनिटे मागे उभे राहून लाटांची लय अंगात भिनवावी. सुकाणू देणाऱ्याने दिशा, वाऱ्याचा कोन आणि वेग मोठ्याने सांगावेत, घेणाऱ्याने ते उच्चारून परत सांगावेत, आणि मगच हात बदलावेत.

दर्यावेडा: शनिवारी रात्री सराव आहे. तबकडीवर अर्धवट कापड टाकूनच बसेन.